कॅमेऱ्याने फ्लँज मोजताना: कॅलिब्रेशनच्या नोंदी

८ जून

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. बिडाचे फ्लँज (पाइप जोडायच्या भोकांच्या गोल चकत्या) येतात, फेसिंग (चेहरा सपाट कापणं) आणि ड्रिलिंग होऊन परत जातात. सध्याचा जॉब: बाहेरचा व्यास १०० मिमी, जाडी १४, त्यात ११ मिमीची चार भोकं. समोरासमोरच्या भोकांच्या केंद्रांतलं अंतर ७६ मिमी, सूट (चालणारा फरक) ±०.१५. इन्स्पेक्शनला काका आहेत. व्हर्नियरने भोकाच्या आतल्या कडा धरून ते दर दहा जॉबमागे एक मोजतात. मला प्रत्येक जॉब मोजायचा आहे, आणि कॅमेऱ्याचा आकडा ±०.०५ च्या आत भरवशाचा हवा आहे.

सामान: रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घरात पडून होता. त्याला एचक्यू कॅमेरा (४०५६ × ३०४० पिक्सेल, एक पिक्सेल १.५५ मायक्रॉन) आणि १६ मिमीची लेन्स घेतली. स्टँड शेडमध्येच वेल्डिंग करून केला. लेन्सपासून टेबल ४०० मिमी. या उंचीवर एक पिक्सेल म्हणजे टेबलावरचे साधारण ०.०३७ मिमी. प्रोग्रॅम पायथन आणि ओपनसीव्हीत (चित्रांवर काम करणारी लायब्ररी).

असलं काम करायला घेणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून तारीखवार लिहून ठेवतो आहे. गणित कुठेही मिळतं, ते इथे नाही.

११ जून

कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे माहीत मापाच्या नमुन्याच्या फोटोंवरून कॅमेऱ्याचे आणि लेन्सचे आकडे काढण्यासाठी, बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा नमुना काढला. १० मिमीची घरं, १२ × ९, म्हणजे आतले कोपरे ११ × ८. एक बाजू सम आणि एक विषम ठेवा, नाहीतर पट उलटा धरला की सुलटा हे प्रोग्रॅमला कळत नाही.

झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंट काढली. व्हर्नियर लावला तर दहा घरं ९७.० मिमी. प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ चालू राहिलं होतं. पट दोन्ही बाजूंनी सारखाच आखडला असेल तर फोकल लेंथचा (लेन्सच्या नाभीय अंतराचा) आकडा बिघडत नाही, पण त्या पटावरून काढलेला प्रत्येक मिलिमीटर ३ टक्के खोटा निघतो. पुन्हा प्रिंट काढली, १०० टक्के मापाने.

१२ जून

कागद टेबलावर ठेवून आठ फोटो काढले. कॅलिब्रेशन झालं, आरएमएस रिप्रोजेक्शन एरर (प्रोग्रॅमच्या हिशेबाने कोपरे जिथे यायला हवेत आणि फोटोत जिथे दिसतात त्यांतलं सरासरी अंतर) ०.३१ पिक्सेल. नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की अर्ध्या पिक्सेलच्या खाली आलं की उत्तम. त्या भरवशावर लगेच फ्लँज ठेवला.

अंतर आलं ७८.७ मिमी.

काकांनी आकडा बघितला, व्हर्नियर लावला आणि म्हणाले, “अडीच मिलिमीटर जास्त दाखवतंय बघ. एवढी चूक तर पट्टीनं मोजलं तरी हुईत न्हाई.” त्यांचं खरं होतं.

कारण कळायला संध्याकाळ झाली. पट टेबलावर होता आणि फ्लँजचा वरचा चेहरा १४ मिमी उंच. लेन्सपासून ४०० ऐवजी ३८६ मिमीवर. जवळची वस्तू मोठी दिसते: ४०० भागिले ३८६ म्हणजे ३.६ टक्के, आणि ७६ वर ३.६ टक्के म्हणजे २.७. आकडा तंतोतंत जुळला. ज्या पातळीवर मोजायचं त्याच पातळीवर पट असायला हवा. टेलिसेंट्रिक लेन्स (वस्तू जवळ असो की लांब, सारख्याच मापाची दाखवणारी) घेतली तर ही भानगड राहत नाही, पण तिचं पुढचं भिंग जॉबपेक्षा मोठं लागतं. १०० मिमीच्या फ्लँजला तशी लेन्स आमच्या बजेटच्या बाहेर आहे.

१६ जून

आज वेगळीच काळजी लागली. आठ-आठ फोटोंचे तीन संच काढले. कॅमेरा तोच, पट तोच, लेन्सला हात नाही. फोकल लेंथ पिक्सेलमध्ये आली १०,३१०, मग ११,४२०, मग १०,८९०. आरएमएस मात्र तिन्ही वेळा ०.२८ ते ०.३३ च्या मध्ये. तीन आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, तरी एरर तिघांचीही ‘उत्तम’.

१०,३१० वर तर मी फसणारच होतो, कारण १६ मिमी भागिले १.५५ मायक्रॉन केलं तर १०,३२० येतात. वाटलं, हाच बरोबर. पण लेन्स ४०० मिमीवर फोकस केली की सेन्सरपासून थोडी पुढे सरकते, आणि तो हिशेब धरला तर आकडा १०,७५० च्या आसपास यायला हवा.

दोष माझ्या फोटोंचा होता. सगळ्या फोटोंत पट टेबलावर सपाट, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर. असा पट थोडा जवळ आणि लेन्स थोडी कमी लांबीची, किंवा पट थोडा लांब आणि लेन्स थोडी जास्त लांबीची, दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. प्रोग्रॅमने निवडायचं कशाच्या जोरावर? पट तिरका धरला की त्याची एक बाजू जवळ येते, दुसरी लांब जाते, आणि त्या फरकातून फोकल लेंथ पकडता येते. झेंगयू झांग यांची २००० साली छापून आलेली पद्धत ओपनसीव्हीच्या मुळाशी आहे. त्यांच्याही चाचणीत पट साधारण ४५ अंश कलता असताना निकाल सर्वांत चांगला आला होता. माझ्या लेन्सचा कोन जेमतेम २२ अंशांचा, म्हणजे जवळ-लांबचा फरक आधीच कमी दिसतो. अशा लेन्सला तिरके फोटो नसले तर कॅलिब्रेशनला अर्थच नाही.

तेव्हापासून ‘कॅलिब्रेट कॅमेरा एक्सटेंडेड’ हे फंक्शन वापरतो. ते प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्याची अनिश्चितताही देते. सपाट संचात फोकल लेंथपुढे ±३८ पिक्सेल लिहून आलं होतं. पहिल्या दिवशी हे बघितलं असतं तर चार दिवस वाचले असते.

२० जून

तिरके फोटो काढायला घेतले आणि फोकस आडवा आला. लेन्सचं तोंड (ॲपर्चर, आकडा मोठा तितकं लहान) २.८ वर उघडं होतं. त्यावर लेन्सपासून मागे-पुढे जेमतेम १० मिमीचा पट्टा नीट स्पष्ट दिसतो. १२० मिमीचा पट ३० अंश कलला की एक टोक दुसऱ्यापेक्षा ६० मिमी जवळ. मधलं स्पष्ट, दोन्ही टोकं लोण्यासारखी.

८ वर बंद केलं तर पट्टा वाढला, पण अख्खं चित्र मऊ झालं. पिक्सेल इतके बारीक आहेत की बारीक छिद्रातून पसरणारा प्रकाशच त्यांना पुरून उरतो. शेवटी ५.६ वर थांबलो. टोकं अजूनही थोडी मऊ दिसतात, पण चार घरं मिळतात तो कोपरा चारही बाजूंनी सारखाच पसरतो, त्यामुळे केंद्र फारसं हलत नाही. कोपरा शोधण्याची खिडकी मात्र ५ वरून १५ केली. एक घर या चित्रात जवळजवळ २७० पिक्सेलचं आहे, त्यात १५ ची खिडकी आरामात बसते.

२२ जून

तिरके २० फोटो. फोकल लेंथ आता जागेवर थांबते, पण आडवी १०,७१० आणि उभी १०,७७५. सेन्सरचे पिक्सेल चौरस आहेत, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. ६५ चा फरक आला कुठून?

पट पुन्हा मोजला, या वेळी दोन्ही दिशांनी. आडवी दहा घरं ९९.६, उभी सात घरं ताणून दहाच्या हिशेबाने १००.२. प्रिंटरमध्ये कागद ज्या दिशेने ओढला जातो त्या दिशेचं माप आणि आडवं माप सारखं नसतं. मी सगळ्या फोटोंत पट एकाच बाजूने धरला होता, म्हणून प्रिंटरची चूक कॅमेऱ्याच्या नावावर चढली. पट ९० अंशांत फिरवून अर्धे फोटो काढले तेव्हा फरक मिटला, पण आरएमएस वाढला. चूक कुठेतरी बाहेर येणारच होती.

हे दोन आकडे आता मी कायम शेजारी ठेवून बघतो. चौरस पिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्यांच्यात मोठी फट दिसली की आधी पट तपासायचा.

२९ जून

गेला आठवडाभर पाऊस थांबलेला नाही. पट एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) पांढऱ्या गोंदाने चिकटवला होता. आज आरएमएस अचानक ०.९.

दोन तास प्रोग्रॅम चाळला. मग काकांनी पटावर स्टीलची सरळ पट्टी उभी धरली आणि माझ्याकडे न बघता फिलर गेजचा (फट मोजायच्या पातळ पात्यांचा) जुडगा मागितला. मधोमध ०.८ ची पाती आरामात आत गेली. एमडीएफने दमट हवा पिऊन पाठ फुगवली होती आणि वरचा कागद तिच्याबरोबर ताणला होता. पट एका सपाट पातळीत आहे हे प्रोग्रॅम गृहीतच धरतो. तो नसेल तर ती फुगी लेन्सच्या वक्रतेत (सरळ रेषा वाकवून दाखवण्यात) मिसळते आणि खोट्या लेन्सचे आकडे हातात येतात.

वाकड्या पटासाठी ओपनसीव्हीत ‘कॅलिब्रेट कॅमेरा आरओ’ आहे, ते पटाच्या कोपऱ्यांच्या जागाही स्वतः सुधारतं. चालवून पाहिलं, आरएमएस ०.४ वर आला. पण रोज वेगळा वाकणाऱ्या पटाला त्याचा काय उपयोग? कागद आणि लाकूड दोन्ही आजपासून बंद.

५ जुलै

६ मिमी जाड काचेवर व्हिनाइलचा स्टिकर. फ्लेक्सवाल्याकडून ३५० रुपये. काच सपाट, पण स्टिकरखाली तीन बुडबुडे राहिले, आणि चकाकीने तर वाट लावली: पट कलला की एलईडीचा पांढरा पट्टा दोन-तीन ओळींवरून सरकतो आणि तिथले कोपरे सापडतच नाहीत. म्हणजे नेमके तिरके फोटो बाद. मॅट लॅमिनेशन करून बघितलं, त्यात आणखी दोन बुडबुडे. सोडून दिलं.

९ जुलै

तीन दिवस गेले, आणि चूक पूर्ण माझी.

पूर्ण रेझोल्यूशनला प्रिव्ह्यू संथ चालतो म्हणून पटाचे फोटो २०२८ × १०८० मध्ये काढले आणि आलेले आकडे दुप्पट करून पूर्ण चित्राला लावले. रुंदी निम्मी, मग सगळंच निम्मं, असं धरलं. पण या मोडमध्ये सेन्सरचा वरचा आणि खालचा भाग कापला जातो. पूर्ण सेन्सर निम्म्यावर आणणारा मोड २०२८ × १५२० आहे. माझ्या आकड्यांत चित्राचं उभं केंद्र १,०८० च्या जवळ बसलं होतं, आणि ३,०४० उंचीच्या चित्राचं केंद्र १,५२० च्या आसपास हवं. ४४० पिक्सेलची चूक. लेन्सच्या वक्रतेची दुरुस्ती चुकीच्या बिंदूभोवती होत होती, म्हणून फ्लँज टेबलावर वर-खाली सरकवला की अंतर बदलायचं.

ज्या मोडमध्ये मोजणार त्याच मोडमध्ये कॅलिब्रेट करा.

१३ जुलै

वक्रतेचे आकडे. ओपनसीव्ही मूळ सेटिंगमध्ये पाच देतं: के१, के२, पी१, पी२, के३ (के म्हणजे केंद्रापासून बाहेर वाढणारी वक्रता, पी म्हणजे भिंग तिरकं बसल्याची). माझा के३ शंभराच्या वर गेला होता, दर संचाला चिन्ह बदलून. कमी कोनाच्या लेन्समध्ये चित्राच्या कोपऱ्यापर्यंतही त्याचा परिणाम इतका क्षीण असतो की के३ ला धरून ठेवायला माहितीच उरत नाही. तो मग कोपऱ्यातल्या थोड्याशा गोंधळाच्या मागे धावतो. के३ शून्यावर बांधला, पी१ आणि पी२ पण. आरएमएस ०.०१ ने वाढला आणि संचा-संचांतला फरक निम्म्यावर आला. हा सौदा मी डोळे झाकून करीन. मोकळे आकडे वाढवले की एरर कमी दिसणारच, त्यावरून मोजमाप सुधारलं असं समजू नका.

आणि पट चित्राच्या चारही कोपऱ्यांत नेऊन फोटो काढा. मधोमधच काढलेत तर कडेला वक्रता किती हे प्रोग्रॅम अंदाजाने ठरवतो.

१८ जुलै

आता शेवटचा पट. ॲल्युमिनिअमची प्लेट आपल्याच व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) फेस केली, काळं ॲनोडायझिंग (रासायनिक रंगीत थर) करून आणलं आणि नेमप्लेटवाल्याकडे लेझरने पांढरी घरं मारून घेतली. सरफेस प्लेटवर (मापासाठीचा अगदी सपाट पाट) डायल (बारीक चढउतार दाखवणारं घड्याळी माप) फिरवला: पूर्ण पटावर ०.०३ च्या आत. दहा घरांच्या हिशेबाने दोन्ही दिशांनी १००.०० आणि १००.०१.

पण प्रोग्रॅमला पट सापडेना. प्लेट काळी, बाहेरची निम्मी घरंही काळी, कडेला पांढरी पट्टी नाही. कडेची काळी घरं प्लेटच्या काळ्यात विरघळून गेली. पुन्हा नेमप्लेटवाल्याकडे, भोवती ८ मिमीची पांढरी चौकट मारून घेतली. ॲनोडायझिंग आणि लेझरचे दोन्ही फेरे मिळून ११५० रुपये आणि चार दिवस.

काकांनी प्लेट हातात घेऊन उन्हाकडे धरली, कडेवरून एक डोळा मिटून पाहिली. “ही ठेव. ही वाकायची न्हाई.”

२१ जुलै

फोटोंत आडवे फिके-गडद पट्टे. आमच्या एलईडी पट्टीचा प्रकाश ५० हर्ट्झच्या लाइनीवर सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो, आणि हा कॅमेरा ओळीमागून ओळ वाचतो. एक्सपोजर ४ मिलिसेकंदांचं होतं, ते २० केलं, पट्टे गेले. एक्सपोजर १० च्या पटीत ठेवा.

२० मिलिसेकंदांत हातात धरलेली प्लेट हलतेच, आणि ओळीमागून ओळ वाचणाऱ्या कॅमेऱ्यात हललेला चौकोन तिरका होतो. म्हणून प्लेटखाली वेगवेगळ्या उतारांचे लाकडी ठोकळे ठेवले. प्लेट ठेवायची, हात काढायचा, दोन सेकंदांनी फोटो. ३२ फोटोंना पाऊण तास लागला.

२६ जुलै

३२ फोटो, १५ ते ४० अंश कल, चारही कोपरे भरलेले. फोकल लेंथ १०,७५२ आणि १०,७५५, अनिश्चितता ±३, आरएमएस ०.२४. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी वेगळे फोटो घेऊन केलं, तिन्हींत १२ पिक्सेलच्या आत. जून महिन्यातला हजाराचा फरक आठवला.

सर्वांत जास्त एररवाले फोटो गाळताना सांभाळा. ते बहुतेक तिरके असतात, आणि तेच जास्त शिकवतात. मी फक्त हललेले दोन गाळले.

मग पातळी. प्लेट ५.१२ मिमी जाड आहे. ८.८८ उंचीचे तीन गोल ठोकळे ग्राइंड केले, म्हणजे पटाचा चेहरा बरोबर १४.०० वर, फ्लँजच्या चेहऱ्याच्या जागी. या स्थितीतला एक फोटो म्हणजे मोजमापाची पातळी. उंचीत ०.१ ची चूक झाली तर ७६ वर ०.०२ चा फरक पडतो, म्हणून फेसिंगची जाडीही आता सांभाळावी लागते.

दुपारी एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी मशीन चालू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात स्थिर पटाचे कोपरे ३ पिक्सेल सरकले. बोर्ड आणि एलईडी तापतात, स्टँड तापतो. आता आठला चालू करतो, साडेआठनंतर मोजतो. आणि शेजारच्या प्रेसच्या हादऱ्याने फोकसची रिंग केसभर फिरली होती. तिचे लॉक स्क्रू आवळले आणि वर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपक्याला चीर गेलेली दिसली की पुन्हा कॅलिब्रेशन.

३० जुलै

कॅलिब्रेशन पक्कं, तरी अंतर ७४.५. पट बरोबर, पातळी बरोबर, मग उरलं काय?

भोकं उठून दिसावीत म्हणून खालून उजेड दिला होता. भोक १४ मिमी खोल आहे. कॅमेरा मधोमध, भोकं ३८ मिमी बाजूला, त्यामुळे कॅमेऱ्याला भोकाची खालची कड वरच्या कडेपेक्षा आत सरकलेली दिसते, आणि खालून येणारा उजेड दोन्ही कडा जिथे मिळतात तेवढ्यातूनच येतो. प्रत्येक भोकाचं केंद्र पाऊण मिलिमीटर आतल्या बाजूला. दोन भोकं, दीड मिलिमीटर. हिशेब पुन्हा जुळला.

वरून गोल पसरलेला उजेड दिला आणि फक्त वरची कड पकडली. आकडा ७६.०६.

४ ऑगस्ट

एक फ्लँज जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये सीएमएमवर (टोकाने स्पर्श करून मोजणारं अचूक यंत्र) मोजून आणला, १२०० रुपये. तिथला आकडा ७६.०२. आपल्या टेबलावर तोच फ्लँज वीस वेळा, वेगवेगळ्या जागी आणि फिरवून: सरासरी ७६.०४, सर्वांत कमी ७६.०१, सर्वांत जास्त ७६.०७. माझी मर्यादा ±०.०५ होती, त्यात बसलं.

खर्च: कॅमेरा आणि लेन्स मिळून साधारण १०,०००, फुकट गेलेले कागद, एमडीएफ, काच आणि लॅमिनेशन ९००, ॲल्युमिनिअम पट ११५० (प्लेट शेडमधल्या भंगारातली), लॅब १२००. वेळ आठ आठवडे, रोज संध्याकाळचे दोन-तीन तास. चांगला पट पहिल्या दिवशी केला असता तर जून महिना वाचला असता.

दुपारी प्लेट ३१ अंशांवर होती, सकाळी २४. ॲल्युमिनिअम तेवढ्यात १०० मिमीवर ०.०१६ वाढतं. सध्या चालून जातं. सूट आवळली तर पट मोजतानाचं तापमान लिहून ठेवावं लागेल.

पुढच्या महिन्यात १४० मिमीचा फ्लँज येतोय. त्याला कॅमेरा वर न्यावा लागेल, म्हणजे फोकस बदलणार, पट मोठा लागणार आणि २६ जुलैचं सगळं नव्याने करावं लागणार.

काकांनी लॅबवाला फ्लँज लाल रंगाने रंगवून कपाटात ठेवलाय. रोज साडेआठला तो आधी कॅमेऱ्याखाली जातो, आकडा रजिस्टरला चढतो, मगच पहिला जॉब. आजचा आकडा ७६.०३, त्यांच्या अक्षरात.